लोकल युजर

गेल्या दिवाळीनंतरच्या एका सोमवारी, उरणजवळच्या आमच्या कंटेनर यार्डात, आसपासच्या गावांतून येणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांची सर्व्हरवरची खाती बंद करण्यात आली. बंद करणारा मी होतो. यार्डातली संगणक यंत्रणा माझ्याकडे होती.

त्याआधीच्या शुक्रवारी मुख्य कार्यालयाकडून एक इशारा आला होता. सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, यात त्रुटी सापडली होती. तिचा फायदा घेऊन कोणताही ‘लोकल युजर’ सगळ्या यंत्रणेचा ताबा घेऊ शकत होता. उपाय एकच: दुरुस्त केलेला कर्नल बसवून सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करणे.

यार्डाच्या मॅनेजरांनी इशाऱ्याची प्रत काढून ‘लोकल’ या शब्दाखाली पेनाने रेघ मारली होती. उरणमध्ये हा शब्द रोजच्या वापरातला आहे. बंदरासाठी ज्या गावांच्या जमिनी गेल्या, तिथला माणूस म्हणजे लोकल.

“सर, लोकल म्हणजे गाववाले नव्हेत,” मी म्हणालो. “मशीनवर ज्याचं खातं आहे तो कोणीही. तुम्हीसुद्धा लोकल.”

“मी? मी नागपूरचा आहे रे.” ते हसले. “आणि इथे लोकल कोण, ते मला नको शिकवू. मोर्चा आणून गेट कोण अडवतं?”

“मग सर्व्हर थोडा वेळ बंद ठेवू द्या.”

“जहाज लागलंय. ट्रक पार हायवेपर्यंत उभे राहतील. त्यापेक्षा यांची खाती काढ.” मग म्हणाले, “तू पेणचा ना? तुझं ठेवायचं की काढायचं?”

सोमवारी गेट-पासच्या नोंदी करणारी बाई माझ्या टेबलापाशी आली. ती जवळच्याच गावातली. तिचा करार महिनाअखेरीस संपत होता आणि नवा करार संगणकावर काम करणाऱ्यांनाच मिळेल, असं सर्वांना कळवलेलं होतं.

“दादा, माझा पासवर्ड घेत नाय.”

“खातं बंद केलंय, ताई. वरून सांगितलंय.”

“का? मी काय केला?”

मी तिला इशारा वाचून दाखवला. त्याचा खरा अर्थही सांगितला.

“म्हंजे जमीन घेतली तवा आम्ही लोकल, मोर्च्यात लोकल, आनि आता चोर पन लोकलच?” ती म्हणाली. “सायबाला सांगा ना, अर्थ येगला हाय.”

“सांगितलं.”

“मंग?”

मी इशाऱ्याचा कागद खणात ठेवला. तिला यार्डात कंटेनरचे सील तपासायला पाठवण्यात आलं.

त्याच दुपारी मी मुख्य कार्यालयाला लिहिलं: त्रुटी जशीच्या तशी आहे, आणि ज्यांचा संबंध नाही त्यांची खाती गेली आहेत. मॅनेजरांचा अहवाल तिथे आधीच पोचला होता. त्यात एकच वाक्य होतं. सर्व लोकल युजर्सचे अधिकार काढून घेतले आहेत. तिथे वाचणाऱ्यांनी ‘लोकल’चा संगणकातला अर्थ घेतला आणि त्यांना ते बरोबर वाटलं. विषय बंद करण्यात आला आहे, असं उत्तर मला आलं.

महिनाअखेरीस तिला नवा करार मिळाला नाही. तिच्या जागी ठाण्याहून आलेल्या माणसाला मी सर्व्हरवर खातं उघडून दिलं. सर्व्हर त्या दिवशीही जुन्याच कर्नलवर चालू होता.