डब्याची मागची बाजू

"समोरचं चित्र राहू द्या भाऊ, मागचं वाचा."

राळेगावात माझं औषधांचं दुकान. प्रोटीन पावडरचा डबा पुढ्यात आला की ती पोरगी डब्यावरच्या फुगीर दंडांच्या माणसावर अंगठा ठेवायची, डबा गर्रकन फिरवायची आणि मागची बारीक इंग्रजी अक्षरं मला वाचायला लावायची. बाकीची गिऱ्हाइकं खोळंबायची, मी वैतागायचो. डबा चित्रावर खपतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तिला ते मान्यच नव्हतं.

ती शेतमजुरी करायची, आईसोबत बुद्धविहारामागच्या वस्तीत राहायची. पोलीस भरतीसाठी वयात बसण्याचं तिचं ते शेवटचं वर्ष. धावण्यात ती कुणाला ऐकत नसे, अडायचं गोळाफेकीत. दंडात ताकद हवी, म्हणून डब्याची चौकशी.

कापसाने मान टाकलेली ती वर्षं. शहरातून जीपा यायच्या त्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची नावं लिहून घ्यायला. एकदा एक पत्रकार दुकानाशी थांबला आणि त्याने तिलाच विचारलं, "तुमच्या घरातलं कुणी...?"

"मी हावो ना घरातली," ती म्हणाली. "माह्यं लिहा. गोळा कुठवर जाते, ते लिहा."

त्याने वही मिटली. मला इतका राग आला की त्याने पाण्याची बाटली मागितली तेव्हा सुटे नाहीत म्हणून मी ती दिलीच नाही. गल्ला चिल्लरीने भरलेला होता.

असाच एकदा तिसऱ्या कंपनीचा डबा वाचत होतो. "सोया प्रोटीन," मी म्हणालो.

"सोया म्हंजे सोयाबीन? आमी कापून राह्यलो ते?"

"तेच."

ती हसत सुटली. आमच्याकडे सोयाबीन म्हणजे विकायचं पीक. पोती भरायची आणि तेलाच्या कारखान्याला धाडायची. ते कुणाच्या ताटात मी पाहिलं नव्हतं, माझ्याही नाही.

"म्हंजे आमचंच आमाले," ती म्हणाली, "अन् वरून या बाप्याचं चित्र! ठेवा तो फळीवर."

कापणीनंतर वावरात सांडलेल्या शेंगा तिने वेचून आणल्या. दाणे कच्चेच दळले, पाण्यात ढवळले आणि गटागटा प्यायली. दोन दिवस पोट धरून पडली होती. तिसऱ्या दिवशी दुकानात हजर.

"डब्यातलं पचते, मंग माह्यं काहून नाही पचत?"

मी फार्मसी शिकलेला माणूस, पण मला सांगता येईना. घरी जाऊन जुनी पुस्तकं उपसली. रात्रभर भिजवा, सालं काढा, भरपूर शिजवा, मग खा. एवढं सांगायला मला दोन दिवस लागले. डबा मात्र मी दोन मिनिटांत विकत असे. लाज वाटली, खोटं कशाला बोलू?

मग रोज सोयाबीनची उसळ. चव कशी लागते, विचारलं तर म्हणाली, "चवीसाठी कोन खाते?" संक्रांतीपर्यंत तिचे दंड असे भरले की वस्तीतल्या बायका तिला टोमणे मारायच्या, बाईमाणसाला हे शोभतं का म्हणून. ती बाह्या आणखी वर सारायची.

यवतमाळला भरती झाली. यादी लागली त्या संध्याकाळी ती दुकानात आली.

"पळन्यात निघाली, गोळ्यात ऱ्हायली. एका मार्कानं."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "डबा घेतला असतास तर..."

"थांबा भाऊ." एवढ्या करड्या आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. "हरली ते मी हरली. माह्यं हरनं त्या डब्याले देऊ नका. जितली असती तं तेही तुमी त्यालेच देलं असतं."

तिचं बरोबर होतं.

पुढे ती आईला घेऊन नागपूरला गेली, कुठल्याशा मुलींच्या वसतिगृहावर पहारेकरी म्हणून. पुन्हा भेट नाही. मला आठवते ती त्या संध्याकाळची. सलाईनच्या बाटल्यांचं खोकं गाडीवाला पायरीवर टाकून गेला होता. ते एरवी दोघांनी धरून आत न्यावं लागे. बोलणं संपल्यावर ती वळली, वाकली आणि एकटीने ते छातीपर्यंत उचललं.

"कुठं ठेवू?"

मी जागा दाखवायचं विसरलो. ती खोकं धरून तशीच उभी होती, आणि तिचे हात जरासुद्धा थरथरत नव्हते.