चौदा जणांत वीस कॅप्सूल

परळ नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात भिवा कंपाउंडर होता, तोवर कुणाला चिठ्ठीशिवाय पिवळी कॅप्सूल मिळाली नाही. गल्ल्यावर शेठ बसायचा, पण दुकान भिवाचं. गिरणी सुटली की एखादा यायचाच.

"भिवाभाऊ, अंग तापलंय. त्या पिवळ्यातल्या दोन द्या."

भिवा चष्म्यावरून बघायचा. "डॉक्टरची चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाय."

"मग लिमलेटची गोळी घे. तीपण पिवळीच असते."

शेठ तिकडे कपाळाला हात लावायचा.

मला हा माणूस आवडत नव्हता, हे आधीच सांगतो. मी कामगार चळवळीतला पुढारी. चौथीत शाळा सुटली. पुढचं सगळं सभांनी आणि वर्तमानपत्रांनी शिकवलं. मला कुणी अक्कल शिकवलेली खपत नसे. आजही खपत नाही.

सत्तावन्न साली एका मोर्चात माझी नडगी फुटली. लालबागभर झालं, पुढाऱ्याला लाठी लागली. मी नाही म्हटलं नाही. आठवड्यात पाय पोटरीपर्यंत सुजला. डॉक्टरांनी वीस कॅप्सूल लिहिल्या, दिवसाला चार, पाच दिवस. वर म्हणाले, "हे विष वर चढलं तर पाय कापावा लागेल."

दुकानात भिवानं जखम धुतली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "या लाठीला गटाराचा वास कसा रे?"

खरं म्हणजे पोलिसांची गाडी दिसल्यावर पळताना मी उघड्या गटाराच्या कडेवर आपटलो होतो. हे फक्त मला ठाऊक होतं. आता भिवालाही.

"वीसच्या वीस तूच खायच्या," एवढंच तो बोलला.

आता आमच्या खोलीची रीत सांगायला हवी. एका खोलीत आम्ही चौदा जण, सगळे कोकणातले. गावाहून फणस येवो की खाजा, चौदा वाटण्या व्हायच्याच. एकट्यानं खाल्लं तर तोंड दाखवायला जागा उरायची नाही. मी पुडी उघडली तर दत्ताराम समोर.

"माझो दात दुखता, माका एक दी."

त्याला दिली, मग बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं? एकाला खोकला, एकाला खाज. रघुला काहीच होत नव्हतं, पण त्याची वाटणी का बुडावी? तेरा वाटल्या, सात मला उरल्या. सातात सूज उतरली. मी मनात म्हटलं, भिवाला काय कळतंय!

चार दिवसांनी पाय असा फुगला की लेंगा चढेना. वर हुडहुडी भरून ताप. पुन्हा डॉक्टर, पुन्हा वीस कॅप्सुलांची चिठ्ठी, पुन्हा भिवा.

"पहिल्या वीस कुठं गेल्या?"

"खाल्ल्या."

"कुणी? काल दत्ताराम सांगत होता, पुढाऱ्याच्या गोळीनं दात काय थांबला नाय."

माझं डोकं सणकलं. "वाटून खाल्लं हा गुन्हा झाला? आमच्यात माणुसकी आहे!"

"ओरडू नकोस. संप दोन दिवसांत मागं घेतलास, तर मालक काय करतो?"

"डोक्यावर बसतो. पुढच्या संपाला भीक घालत नाही."

"जंतूंचंही तसंच. अर्धमेले सोडलेस की शहाणे होऊन परत येतात. मग हीच गोळी त्यांना बत्ताशासारखी. तू दोन दिवसांत संप मोडलास, आणि त्या तेरा जणांना कारण नसताना संपावर पाठवलंस."

मी पुडीसाठी हात पुढे केला.

पुडी त्यानं माझ्या हातात दिलीच नाही. "दिवसातून चारदा इथं यायचं. माझ्यासमोर गिळायची. एक जरी चुकली, तर गटाराची हकीकत नाक्यावर."

"धमकी देतोस?"

"औषध देतो."

दोन दिवस लंगडत चार चार खेपा घातल्या. तिसऱ्या दिवशी ताप गेला, सूज ओसरली. संध्याकाळी कामगार मैदानात सभा होती, आणि भाषण माझं. म्हटलं, संध्याकाळची कॅप्सूल गेली उडत.

भाषण रंगात आलं. मी लेंगा गुडघ्यापर्यंत वर ओढला. "बंधूंनो, बघा ही जखम! ही जखम..."

गर्दीतून पाण्याचा एक पेला पुढे येत होता. सांडू नये म्हणून डोक्याच्या वर धरलेला. पेल्याखाली भिवा. तो मंचाच्या कडेशी येऊन उभा राहिला आणि दुसरी मूठ उघडली. तळहातावर पिवळी कॅप्सूल.

"सांग की, कशानं झाली," तो मला ऐकू जाईल एवढंच म्हणाला.

मी खाली वाकलो, कॅप्सूल उचलली, गिळली, वर पाणी प्यायलो. मागून कुणीतरी ओरडलं, "एवढा आजारी असून बोलतोय! जिंदाबाद!" टाळ्यांचा नुसता कडकडाट.

"अजून नऊ," भिवा म्हणाला आणि रिकामा पेला घेऊन दुकानाकडे चालू लागला.

त्या नऊही मी त्याच्यासमोरच गिळल्या. पाय शाबूत राहिला. आमच्या खोलीत नवा कायदा झाला: फणस चौदा जणांचा, औषध चिठ्ठीवर नाव असेल त्याचं. रघु मात्र कितीतरी दिवस घुश्शात होता.

गटाराची गोष्ट भिवानं शेवटपर्यंत कुणाला सांगितली नाही. आज मीच सांगितली. त्या पायाचा मान लाठीनं फार वर्षं खाल्ला. तो मान भिवाचा होता.