धडामआत्याचा दरवाजा

माझ्या आत्याला घरात सगळे धडामआत्या म्हणतात. रेडिओवर दर रविवारी विनोदी श्रुतिका करणारी एक मंडळी होती. बोलायचे ते, पण पडायची, आपटायची आणि दारं लावायची ही, नुसत्या आवाजांनी. गाजर मोडलं की कुणाचं तरी हाड मोडायचं, चामड्याची जुनी बॅग दाबली की जाडजूड सासरा खुर्चीत बसायचा. एकवीस वर्षं हेच! पण स्टुडिओच्या बंद खोलीत हसणार कोण? "माझ्या आवाजाला लोक हसतात की नाही, देव जाणे," हे तिचं पालुपद.

म्हणून कार्यक्रम बंद पडल्यावर तीस वर्षांनी मंडळींनी नाट्यगृहात प्रयोग ठरवला, तेव्हा आत्याचे पाय जमिनीवर ठरेनात. गाजरं काय आणली, आमचं स्वयंपाकघर काय दणाणून सोडलं! आणि आदल्या दिवशी दिग्दर्शक म्हणतो, "आवाज कम्प्युटरवरून येतील. तुम्ही पहिल्या रांगेत बसा, पुष्पगुच्छ देऊ."

"चुलीत घाल तुझा पुष्पगुच्छ!" आत्या कडाडली. बिचारी रात्रभर कूस बदलत राहिली. पण गेली. बॅग, गाजरं आणि आवाजासाठीचा हातभर उंचीचा तिचा कडीवाला लाकडी दरवाजा घेऊन गेली. दारावरच्या माणसाला म्हणाली, "औषधं आहेत."

पडदा वर गेला. सगळे सत्तरीचे, हातात कागद, समोर माइक. रेडिओवाले वाचलेलं पान उलटत नाहीत, माइकमध्ये सळसळ ऐकू येते. ते अलगद खाली सोडतात. नायकाने तिसरं पान सोडलं, त्याला चिकटून चौथंही गेलं. स्टुडिओत पंखा बंद असायचा, इथे होता चालू. दोन्ही पानं भुर्रकन प्रेक्षकांत! नायकाला पुढचं वाक्य सापडेना. वाक्यच नाही तर कम्प्युटरवाला आवाज कुठला लावणार?

ठक ठक ठक! पहिल्या रांगेतून आत्याने मांडीवरचा दरवाजा वाजवला.

नायकाचे डोळे लकाकले. "सासरेबुवा आले!"

"अहो, ते तर कपाटात लपलेत!" त्याची बायको झालेली बाई म्हणाली आणि पटकन रंगमंचाच्या कडेला वाकून माइक आत्यापुढे धरला.

आत्याने गाजर मोडलं. कडाड!

"होते," नायक म्हणाला.

अख्खं नाट्यगृह खो-खो हसत सुटलं. माझ्या शेजारचे गृहस्थ तर खुर्चीतून घसरले. आत्याचा हात कडीवरच थांबला.

"अगं, दार उघड की!" नायक दातओठ खात कुजबुजला.

आत्याने डोळे पुसले. "थांब रे मेल्या," ती म्हणाली, "ऐकू दे जरा."