आक्कांची दोन लुगडी

शेवटच्या काही महिन्यांत आक्कांच्या दोरीवर एकाच्या वर लुगडं कधी दिसलं नाही. एक अंगावर, एक दोरीवर. सकाळी अंघोळ झाली की कालचं वाळलेलं नेसायचं आणि अंगावरचं धुऊन दोरीवर टाकायचं. माझं शिलाई मशीन दाराशी असतं आणि दार त्यांच्या अंगणासमोर. दोरीवर तांबडं इरकल असलं की आज आक्का निळ्यात, हे मला त्यांना न बघताच कळायचं.

खरं तर आमच्या पेठेत सगळ्यात जास्त साड्या त्यांच्याच घरात होत्या. आक्का गुरवाच्या. गल्लीच्या टोकाला देवीचं देऊळ आहे, त्याची पूजा त्यांच्या घराकडे. बायका ओटी भरतात, देवीला साडी वाहतात, आणि ती साडी मग गुरवाच्या घरी येते. नवरात्रात तर पलंगावर ढीग लागायचे आणि घरभर हळदीचा अन् कोऱ्या कापडाचा वास सुटायचा. त्यांची सून सविता त्या साड्या रंगाप्रमाणे लावून ठेवायची. आक्का त्यातली एकही नेसायच्या नाहीत. लग्न ठरलेल्या गरिबाच्या पोरींना वाटून टाकायच्या. मी एकदा बघतच राहिले तेव्हा म्हणाल्या, "ती देवीची हाय. मी तिची कामवाली. मालकिणीचं कापड कामवालीनं नेसायचं व्हय?"

मी नातेपुत्याच्या बाजूच्या खेड्यातून लग्न होऊन इथं आले. नवरा टॉवेलच्या कारखान्यात आहे. शाळा चौथीपर्यंत झाली. मला माणसांशी बोलायला जमत नाही. गिऱ्हाईक आलं की मी टेप हातात घेते आणि मान खाली घालते. आक्का पहिल्यांदा झंपर शिवायला आल्या तेव्हा मी माप घेतलं, वहीत लिहिलं, तरी तोंडातून शब्द आला नव्हता.

"मुकी हायस का गं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"अगं, न्हाय म्हनायला बी मानच हलवली की!" त्या खूप हसल्या. "बरं हाय. माजं माप तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. दुसऱ्या बाया माप घेत्यात आन् गल्लीभर सांगत्यात."

त्या दिवशी वहीत लिहिलेलं अजून आहे. आक्का, छाती छत्तीस, दंड अकरा.

गेल्या वर्षीच्या दसऱ्यानंतर आक्कांनी स्वतःचं कपाट रिकामं करायला काढलं. स्वतःचं झालं तसं दुसऱ्यांचंही. दुपारी कुणाच्याही घरी जायच्या आणि सरळ कपाट उघडायच्या. आमची शेजारीण नरसम्मा, तिच्याकडे पूर्वी माग होते, घरात तेलुगू बोलतात. तिच्या कपाटाचं दार लागत नव्हतं म्हणून तिनं ते नाडीनं बांधलं होतं.

"ह्येला बांदून का ठेवलंय? चावतंय का?" आक्कांनी विचारलं.

"आय्यो आक्का, दार बसत न्हाय."

"दाराचं काय चुकलं? आत बग की." आक्कांनी नाडी सोडली तशा चार साड्या अंगावर आल्या. त्यातली एक नारिंगी उचलून त्या म्हणाल्या, "ही कदी नेसलीस?"

"पोरीच्या बारशाला."

"पोरगी कितवीला हाय आता?"

"तिचं लगीन ठरलंय की."

जमलेल्या बायका हसून हसून बेजार झाल्या. नरसम्मानं त्या दिवशी अकरा साड्या बाहेर काढल्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या चार परत आत गेल्या, ते वेगळं.

माझी ट्रंकही त्यांनी उघडली. सात साड्या होत्या. त्यातल्या दोन मी नुसत्या घडी मोडायला म्हणून वर्षातून एकदा काढायची, आणि एकीला इस्त्रीनं भोक पडलेलं होतं, तरी टाकवत नव्हती. आक्का म्हणाल्या, "कपाट उघडल्यावर इचार करावा लागला, की समजायचं कापड जास्ती झालं. एक मळंल, एक वाळंल, माणसाला लागतंय किती?" मी तीन दिल्या. मला वाटलं होतं जीव तुटेल. तसं काही झालं नाही. सकाळी हात घालायचा, येईल ती नेसायची आणि मशीनवर बसायचं. ट्रंक ओढताना हलकी लागायची. अजूनही माझ्याकडे चारच आहेत आणि मला पाचवी नको आहे. हे आक्कांनी मला दिलं आणि ते खरंच चांगलं होतं. म्हणूनच पुढचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

कारण आक्का थांबल्या नाहीत. दिवाळीपर्यंत त्यांची चार लुगडी राहिली, मग तीन. लोखंडी कपाट त्यांनी सविताच्या खोलीत ढकलायला लावलं. भिंतीवर कपाटाएवढा पांढरा चौकोन उरला. त्या चौकोनाला पाठ लावून आक्का चटईवर बसलेल्या असायच्या, एक हात पोटावर. बायका म्हणायच्या, आक्का साध्वी झाल्या. मलाही तसंच वाटायचं. पण माझ्याकडे त्यांची झंपरं यायची.

दिवाळीच्या आधी पहिल्यांदा म्हणाल्या, "सुमन, जरा आत घे." मी बाजूची शिवण अर्धं बोट आत घेतली. पौष लागला तशा परत आल्या. मी परत आत घेतली. जुनी शिवण न उसवता आतून नवी मारली की काम लवकर होतं, म्हणून प्रत्येक झंपराच्या आत दोऱ्याच्या रेघा वाढत गेल्या. एक, दोन, तीन. मी वहीत चौतीस लिहिलं. मग तेहेतीस. लुगडी जास्त असती तर एकेक झंपर वर्षाने माझ्याकडे आलं असतं आणि मलाही पत्ता लागला नसता. पण तीनच होती. तीच तीच फिरून हातात येत होती. वय झालं की अंग उतरतं, असं मी मनाला सांगितलं. विचारलं नाही.

काम मात्र मी सफाईने केलं. एवढं, की एकदा सविता म्हणाली, "सुमनवैनी, आक्कांची झंपरं कशी अंगाबरोबर बसत्यात. आमच्या आक्कांची तब्येत कशी टिकून हाय बघा." माझ्या हातातली सुई तशीच राहिली.

संक्रांतीनंतर एका दुपारी आक्का हिरवं इरकल काखेत घेऊन आल्या. ते त्यांचं आवडतं. मशीनवर ठेवलं आणि म्हणाल्या, "हे घे."

"न्हाय आक्का. हे तुमच्या आवडीचं हाय."

"व्हय, म्हनूनच. माज्या मागं कुनी दिलं तर नेसशील? खरं सांग."

मी इरकलाची घडी नुसती चाचपली. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं कापड कुणी अंगाला लावत नाही. अंगावरचं त्याच्याबरोबर जातं आणि बाकीचं गाठोडं बांधून लांब नेऊन टाकतात. कितीही भारी असलं तरी.

"बग. न्हाय नेसनार. म्हनून जित्या हातानं देते. आता दोनच ऱ्हायली. एक माज्यासंगं येईल, एक टाकून देतील. कुनाला मागनं आवरायची कटकट नको."

मग त्यांनी माझा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. लुगड्याच्या निऱ्यांच्या वर, डाव्या अंगाला, कच्च्या पेरूसारखं काहीतरी टणक होतं. मी हात ओढून घेतला.

"दसऱ्यापासनं हाय," त्या म्हणाल्या.

"महेशभाऊंना सांगा की." महेश त्यांचा मुलगा. टेंभुर्णीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला आहे, शनिवारी घरी येतो.

"सांगितलं की न्हेलाच मला. मालकांना तीन दवाखाने फिरवलं त्यानं. शेवटी घरी आनलं ते त्या दवाखान्याच्या झग्यात. त्यो झगा कुनाकुनाच्या अंगावरनं आलेला, कुनाला ठावं. चाळीस वर्सं देवीला सोवळ्यानं शिवलेला मानूस, सुमन. मला तसं जायचं न्हाय. माज्या लुगड्यात जायचं." मग माझ्या डोळ्यात बघून म्हणाल्या, "देवीच्या पायाची आन हाय तुला. तोंडातून शबुद काढायचा न्हाय."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. शनिवारी महेश दारावरून जायचा. "काय वैनी, बरं हाय का?" मी मान हलवायची. शब्द घशापर्यंत यायचा आणि आक्का समोरच्या अंगणात लुगडं पिळत उभ्या असायच्या. पिळायला त्यांना आता वेळ लागायचा. पाणी पूर्ण निघायचं नाही, दोरीखाली टिपटिप गळत राहायचं. मी मशीन जोरात चालवायची, ते ऐकू येऊ नये म्हणून.

चैत्रात आमच्या देवीची यात्रा असते. आदल्या दिवशी सविता निळं झंपर घेऊन आली. "आक्का म्हनत्यात, न्हेमीसारखं करून द्या, तुमाला ठावं हाय. उद्या आरतीला घालायचं हाय."

मी झंपर उलटं केलं. आत चार रेघा होत्या. पाचवी मारायला जागा राहिली नव्हती. कापड संपलं नव्हतं, पण बाहीच्या आत एवढं कापड जमलं होतं की सुई जाईना. मी बराच वेळ ते मांडीवर घेऊन बसले. मग ब्लेड घेतलं आणि चौथी रेघ उसवली. वाटलं, तेवढंच. मग तिसरी उसवली. मग दुसरी, मग पहिली. झंपर जसं मी पहिल्यांदा शिवलं होतं तसं झालं. छाती छत्तीस, दंड अकरा. इस्त्री केली, घडी घातली आणि संध्याकाळी सविताच्या हातात दिलं. तोंडातून शब्द काढला नाही.

सकाळी देवळात बायकांची दाटी होती. तांबडं इरकल दोरीवर ओलं होतं, म्हणजे आक्कांना निळ्याशिवाय काही घालायला नव्हतं. त्या आल्या तेव्हा पदर दोन्ही खांद्यांवरून गच्च ओढलेला होता. गर्दीतून त्यांनी मला बरोबर शोधलं. मी खाली बघितलं. आरती सुरू झाली. सविता घंटा वाजवत होती. आक्कांनी निरांजनाचं ताट वर उचललं, तसा पदर घसरला आणि बाही खांद्यापर्यंत मागे गेली. आत हात म्हणून काही नव्हतंच, काठीला कातडं गुंडाळलेलं. गळ्याशी झंपर इतकं सैल की खांद्याची हाडं उघडी पडली.

घंटा थांबली. "आक्का! अवो, हे काय झालंय तुमचं?"

दुपारी महेश टेंभुर्णीहून आला आणि चार वाजता रिक्षा दाराशी लागली. आक्का रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. रिक्षात बसताना माझ्या दाराकडे त्यांनी बघितलंच नाही. डॉक्टर महेशला म्हणाले, दिवाळीच्या सुमाराला आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आता पोट उघडून बघू.

आठव्या दिवशी मी नरसम्माबरोबर दवाखान्यात गेले. ती सविताशी बोलत बाहेर थांबली. मी एकटीच आत गेले. आक्कांच्या अंगावर हिरवट रंगाचा झगा होता, धुऊन धुऊन विटलेला, छातीवर शाईने नंबर लिहिलेला आणि पोटाशी कुणाचा तरी जुना, न निघालेला डाग. मी पलंगाच्या कडेला उभी राहिले. त्यांनी झग्याचा काठ दोन बोटांत धरून मला दाखवला.

"बग सुमन. आता एकच कापड ऱ्हायलं. आन् ते बी माजं न्हाय."

"आक्का, मी..."

"तू काय केलंस? तू तर तोंड बी उघडलं न्हाईस."

त्या टोमणा मारत होत्या की माफ करत होत्या, ते मला त्यांच्या तोंडावरून कळलं नाही. त्या भिंतीकडे कुशीवर वळल्या. मग नरसम्मानं हाक मारली आणि मी निघाले.

तीन दिवसांनी आक्का गेल्या. घरी आणलं तेव्हा अंगावर तोच झगा होता. सवितानं वरून तांबडं इरकल पांघरलं, पण झगा काढायला कुणी धजावलं नाही, पोटाला टाके होते. महेश मला म्हणाला, "वैनी, निदान कळलं तरी. कळलं नसतं तर जन्मभर डोक्यात ऱ्हायलं असतं." डॉक्टरांचं खरं धरलं तर मी उशीर केला. आक्कांचं खरं धरलं तर मी ते करायलाच नको होतं. मी अजून दोन्ही धरून बसले आहे.

आक्कांनी शेवटपर्यंत कुणाला काही सांगितलं नाही. सविता भेटायला येणाऱ्या बायकांना सांगायची, "सुमनवैनीची शिवण उसवली बघा ऐन आरतीत, म्हनून तर आमाला कळलं." सविता हे चांगल्या मनाने सांगायची. पण गल्लीत त्याचं वेगळंच झालं. सुमन कच्चं शिवते, हे ज्याच्या त्याच्या तोंडी बसलं. तीन-चार गिऱ्हाइकं चौकातल्या टेलरकडे जायला लागली. नवऱ्याने विचारलं, अगं तुझी शिवण कधी उसवली का? मी मान हलवली.

गेल्या आठवड्यात नरसम्मा पोरीच्या लग्नाचे ब्लाउज घेऊन आली. पिशवी मशीनवर ठेवून म्हणाली, "जुनी वळख हाय म्हनून तुज्याकडं आले. पन टाके पक्के घाल गं आय्यो, आक्काच्या झंपरासारखं करू नको."

"व्हय," मी म्हणाले आणि टेप हातात घेतला.