ए युनिव्हर्सिटी

"पुसा ते," हेडमास्तर म्हणाले.

आठवीच्या वर्गात, दाराशी उभं राहून. सगळी पोरं ऐकत होती. इंग्रजीच्या तासाला मी फळ्यावर लिहिलं होतं, 'ए युनिव्हर्सिटी'.

"यू स्वर आहे ना? मग ॲन लावा. राखीव जागेवर नोकरी मिळते, बाई. इंग्रजी मिळत नाही."

पुढच्या बाकांवर हसू फुटलं.

बरोबर काय ते मला माहीत होतं. अक्षर बघायचं नाही, आवाज ऐकायचा. शब्दाची सुरुवात 'य'च्या आवाजानं होते, ते व्यंजन, म्हणून 'ए'च. पण ते त्र्याहत्तर साल. शेवगाव तालुक्यातल्या त्या शाळेत माझी नेमणूक हंगामी. पुढे ठेवायचं की नाही, ते ह्यांच्याच शेऱ्यावर. मी पुसलं. 'ॲन' लिहिलं.

पोरांनी वह्यांत खोडून तसंच लिहिलं.

घरी आईला सांगितलं. आदल्या वर्षी दुष्काळी कामावर ती खडी फोडत होती. माझा पगार सुरू झाला तशी थांबली.

"पुस म्हनले तर पुसायचं," ती म्हणाली. "त्यांच्या तोंडाला लागू नगं. मला लई भ्या वाटतं."

मलाही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी वह्या तपासल्या. आमच्याच वस्तीतली एक पोर मागं बसायची. तिनं बरोबर लिहिलेलं इतकं खोडलं होतं की कागद फाटला होता.

"तुला काय बरोबर वाटतं?" मी विचारलं.

"तुमी आदी सांगितलं ते." ती खाली बघत बोलली. "पर बाई, तुमीच पुसलं."

मी उठले. फळ्यावर पुन्हा लिहिलं, 'ए युनिव्हर्सिटी'. का, तेही समजावलं. हेडमास्तर व्हरांड्यातून येताना दिसले.

"काल काय सांगितलं होतं?"

"सर, हे बरोबर आहे. मी पुसणार नाही."

त्यांनी फळा एकदा वाचला. मग गेले.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर माझी पुन्हा नेमणूक झाली नाही. आई पुन्हा मजुरीला गेली, तिच्यासोबत मीही. दोन वर्षांनी दुसरी शाळा मिळाली. तिथंही हेडमास्तर वर्गाशी आले की छाती धडधडायची. अजून धडधडते. धडधडू दे. माझं भ्या मी पोरांच्या वहीत उतरू देणार नाही.