नाईक जाधवची टाच

बेंगळुरूच्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये मी तीन वर्षं पीटी इन्स्ट्रक्टर होतो. रँक हवालदार. घर मल्लेश्वरममध्ये, बसने पाऊण तासावर, तरी महिन्यातून दोनदाच जायला मिळायचं. आमचं घराणं पिढ्यान्पिढ्या इथलंच. आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात. आता मी निवृत्त आहे. सकाळी फिरायला येणारी मंडळी टाचदुखीची तक्रार करतात, आणि त्यांच्या घरचे म्हणतात, "मघाशी तर चांगले चालत होतात!" हे वाक्य कानावर आलं की मी त्यांना थांबवून जाधवची गोष्ट सांगतो.

नाईक मंजुनाथ जाधव प्रमोशन कॅडरला आला होता. आठ आठवड्यांचा कोर्स. पास झाला की दंडावर तिसरी फीत, हवालदार. तो आनेकलजवळच्या गावचा, आमच्यासारखाच इथला मराठी. पहिल्या दिवशी त्याने मला "अण्णा" म्हटलं आणि मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. आपल्या माणसाला सवलत दिली असं कोणी म्हणू नये, याची मला भलतीच काळजी होती.

तिसऱ्या आठवड्यात तो लंगडू लागला. पहाटे साडेपाचच्या फॉल-इनला, हजेरीच्या रांगेत, डावी टाच टेकवत नव्हता. पीटी सुरू झाली की दहा-पंधरा मिनिटांत चाल सरळ. आठ वाजता तो एमआय रूममध्ये, म्हणजे सेंटरच्या दवाखान्यात, सिक रिपोर्टला गेला आणि तिथे ठणठणीत चालून दाखवलं. नर्सिंग असिस्टंटने गोळी दिली आणि वहीत एम अँड डी लिहिलं. मेडिसिन अँड ड्यूटी, म्हणजे औषध घ्या आणि कामाला लागा. संध्याकाळी स्वारी व्हॉलीबॉल खेळत होती. दुसऱ्या पहाटे पुन्हा लंगडी. मी नोकरीत कामचुकार पुष्कळ पाहिले होते. जाधवलाही त्यांच्यातच बसवून टाकलं.

त्यात रात्रपाळीच्या संतरीने सांगितलं की जाधव पहाटे चारला बराकीमागे फेऱ्या मारतो. मी त्याला बोलावलं.

"चारला फिरतोस आणि साडेपाचला लंगडतोस?"

"फिरलो तर कमी लंगडतो, उस्ताद. पहिली पावलं टाकताना खिळा घुसल्यागत होतं."

"मग पुन्हा सिक रिपोर्ट कर."

"लो मेडिकल कॅटेगरी लागली तर कॅडर जाईल, उस्ताद."

खरं दुखणारा माणूस डॉक्टरला टाळत नाही, असं मी तेव्हा समजत होतो. माझी खात्रीच पटली.

शेवटची परीक्षा दहा किलोमीटरची. पाठीवर पॅक, हातात रायफल, वेळ ठरलेली. जागा आनेकलच्या पलीकडचं माळरान. साडेचारला ट्रक निघाले. तासभर सगळे पाय मुडपून बसलेले. उतरल्यावर टेस्टिंग ऑफिसरच्या जीपची वाट बघत आणखी चाळीस मिनिटं रांगेत उभे. जाधवचा चेहरा पांढरा पडला होता.

"उस्ताद, स्वल्प चालू द्या. दहा मिनिटं. पाय सुटतो."

"रांगेतून कोणी हलणार नाही."

"सरी, उस्ताद." बरं म्हणून तो तसाच उभा राहिला.

साडेसहाला स्टार्ट. मी रेडिओ सेट घेऊन शेवटच्या माणसामागे. शेवटचा माणूस अर्थातच जाधव. तीन किलोमीटर तो लंगडत धावला. चौथ्यात पाय सुटला आणि त्याने एकेक माणूस मागे टाकायला सुरुवात केली. मीही त्याच्या मागोमाग वेग वाढवला आणि घड्याळ पाहिलं. या वेगाने तो पास होणार होता. नाटक संपलं, असं मी मनात म्हटलं.

आठ किलोमीटर संपतात तिथे खडकाळ चढ आहे. तिथे तो अचानक खाली बसला.

"ऊठ."

"पायात टक् झालं, उस्ताद. काहीतरी तुटलं."

"ऊठ म्हणतो ना."

तो उठला. मी सेट उचलला.

"कंट्रोल, एक मॅन स्लो. ओव्हर."

"अ‍ॅम्ब्युलन्स पाठवू? ओव्हर."

"निगेटिव्ह. चालतोय. आउट."

वेळ संपायला सव्वीस मिनिटं होती. पायाच्या बाहेरच्या कडेवर भार टाकत तो पुढे निघाला. चालणं नव्हतं ते, फरपट होती. मी शेजारून मिनिटं मोजून सांगत होतो. वीस. बारा. पाच. त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. तो चार मिनिटं उशिरा पोचला. मी नापास लिहिलं आणि खाली रिमार्क मारला, "बहाणेबाजीची प्रवृत्ती." अकरा वाजता कागद ऑफिसात गेला.

दुपारी त्याचा बूट काढला तेव्हा तळवा जांभळा पडला होता.

मिलिटरी हॉस्पिटलच्या डॉक्टर, मेजर मॅडमनी मला सगळं विचारलं. पहाटे दुखतं, चालल्यावर कमी होतं, हे मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

"हीच तर खूण आहे, हवालदार साहेब," त्या म्हणाल्या. "याला प्लांटर फॅशायटिस म्हणतात."

टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो. जास्त ताणाने तो टाचेपाशी दुखावतो. झोपेत, किंवा बराच वेळ बसल्यावर, आखडतो. पहिल्या पावलाला ताणला जातो आणि कळ येते. चालल्यावर सैल पडतो म्हणून माणूस बरा दिसतो, पण आतली इजा तशीच. एक्स-रेत वाढलेलं हाड दिसतं, त्याला उगाच दोष देतात. वेळीच धावणं थांबवलं असतं तर पट्टा बहुधा फाटला नसता.

तडक कंपनी कमांडरकडे गेलो. "सर, माझा रिमार्क चुकीचा आहे." ते म्हणाले, "लेखी द्या." दिलं. रिमार्क खोडला गेला. निकाल मात्र राहिला, कारण वेळ ती वेळ.

जाधव आधी कुबड्यांवर होता. मग व्यायाम सुरू झाले आणि दर रविवारी मी जाऊन बसू लागलो. पलंगावरून उतरण्याआधी चवड्याला टॉवेल अडकवून पाय आपल्याकडे ओढायचा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची. बर्फाच्या बाटलीवर तळवा फिरवायचा. बुटात मऊ टाच, फरशीवर अनवाणी अजिबात नाही. महिने लागतात, पण बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. सहाव्या महिन्यात युनिटमधून त्याचा फोन आला.

"अण्णा, आज धावलो. काही दुखलं नाही. पुढच्या कॅडरला नाव लागलंय."

मला इतका आनंद झाला की मी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं.

कॅडरला दीड महिना उरला होता. उत्तरेत, बर्फात, गस्तीवर असताना वरचा बर्फाचा कडा सुटला. तिघे गेले. जाधव सगळ्यांत पुढे होता.

त्याच्या गावच्या शाळेसमोर दगड बसवला आहे. त्यावर नाईक मंजुनाथ जाधव असं कोरलंय. हवालदार असायला हवं होतं. तो बसवला त्या दिवशी त्याची बायको रेणुका माझ्याशेजारी उभी होती. म्हणाली, "ते सांगायचे, उस्तादांनी पाय बरा केला."

रिमार्कबद्दल तो घरी एक अक्षर बोलला नव्हता. मी तिला सगळं सांगितलं. ट्रक, रांग, दहा मिनिटं, रेडिओ, कागद.

"त्या दिवशी फार दुखत होतं का त्यांना?"

"फार, अक्का," मी म्हणालो. "त्याचं दुखणं खरं होतं. खोटं लिहिलं ते मी."