गोळ्यांवर चाललेला महिना

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि विचारलं, "नैचुरल में करें, या दवाई वाली साइकिल में? आपके केस में दोनों ठीक हैं. आप लोग सोच लीजिए."

दोन्ही ठीक! मग मले कशाला विचारता बाई? आमचं एकच भ्रूण उरलं होतं, दवाखान्याच्या फ्रीजरमध्ये. आधी आत सोडलेली रुजली नव्हती.

नैसर्गिक म्हणजे शरीर आपल्या मर्जीनं अंडं सोडणार आणि आपण सोनोग्राफीच्या चकरा मारत त्याच्या मागं मागं राहायचं. दवाईवाल्यात गोळ्यांनी गर्भाशयाचं अस्तर तयार करायचं, तारीख डॉक्टर देणार. माझं ऑफिस शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत. चौबे कॉलोनीतल्या घरून तिथं पोचेपर्यंतच जीव जातो, त्यात साहेबांपुढे रोज उशिराचं कारण कोण सांगणार? नवऱ्याला विचारलं तर म्हणे, "तुले जसं वाटते तसं कर." किती सोयीचं वाक्य आहे! डोकंच फिरलं माझं.

खरं तर ऑफिस हे निमित्त. माझा माझ्या शरीरावरचा भरवसाच उडाला होता. त्याच्या हाती काही सोपवायचं नव्हतं मला. म्हणून गोळ्या.

भ्रूण आत सोडलं तेव्हा मला काहीही वाटलं नाही. पडद्यावर पांढरा ठिपका होता. नर्स म्हणाली, "देखिए दीदी." मी पाहिलं. घरी येऊन वरणभात जेवले आणि झोपले.

पुढं रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "सब दवाई बंद कर दीजिए, पीरियड आ जाएगा." मी "हव" म्हणून फोन ठेवला.

हे त्यांनी आधीही सांगितलं असेल, माझं लक्ष नसेल. नैसर्गिक महिन्यात शरीर स्वतःच निकाल लावून मोकळं होतं. इथं मात्र गोळ्या चालू आहेत तोवर पाळी अडून राहते. म्हणजे शेवट मीच करायचा.

मी गोळ्या बंद केल्या नाहीत.

"आता काहून घेऊन राहिली?" नवऱ्यानं विचारलं.

"पाणी आण."

त्यानं आणलं. आशा होती असं कोणी समजू नये. आशाबिशा काही नव्हती. हात आपोआप गोळीकडे जायचा, बस्स.

सासूबाईंना इलाज चालू आहे एवढंच माहीत होतं, रिपोर्टचं आम्ही बोललोच नव्हतो. आमच्याकडे पाळीत देवघराला शिवत नाहीत, आणि मी तर रोज पूजा करत होते. त्यांनी आपल्या मनाशी हिशोब लावला. मला कणीक मळू देईनात. पाण्याची बादली उचलली की अंगावर ओरडायच्या.

एका सकाळी मी समईत तेल घालत असताना त्या मागं येऊन उभ्या राहिल्या. पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "या बारी तारीख टळली न वो?"

"टळली नाही, आई. मीच अडवून ठेवली. गोळ्या खाऊन राहिली मी. आत काहीच नाही."

त्यांचा हात पाठीवरून हलला नाही.

"मग सोड न वो पोट्टे," त्या म्हणाल्या. "अजून किती दिवस एकटीच धरून बसशील?"

तेव्हा कुठं मला रडू फुटलं.